नेमबाजीचा सराव : अचूकपणा आणि वेग यांचा मेळ

१ ऑगस्ट २०२४ या दिवशीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी गांवच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. तेव्हांपासून ज्या घरांत बंदूक ही वस्तु केवळ कादंबरींत भेटावयाची, त्या घरांतहि मुलामुलींनीं नेमबाजीचा हट्ट धरल्याचें आमच्या कानीं येऊं लागलें आहे. वस्तुतः हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पालथ्या पवित्र्यांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें. अंजली भागवत या २००० सालीं सिडनी येथें व सुमा शिरूर या २००४ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोंचल्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनीं २०२२ सालीं कैरो येथें दहा मीटर हवाई रायफलींत जगज्जेतेपद मिळविलें. तेव्हां हट्ट अगदींच अवास्तव आहे असें वडीलधाऱ्या मंडळींस म्हणतां यावयाचें नाहीं.

पण हट्ट पुरविल्यानंतर पुढें काय? बंदूक कोणती घ्यावी, जाड कातडी कोट किती रुपयांस मिळतो, याची चौकशी सर्वच करतात. सराव कसा करावा याची चौकशी करणारे पालक आम्हांस फारच थोडे आढळले. पंधरा वर्षांचा मुलगा रोज शाळा आटोपून चांदमारीवर जातो, शंभर छर्रे उडवितो, घामाघूम होऊन परत येतो. वर्ष सरतें आणि गुणांचा आंकडा जेथल्या तेथेंच राहतो. मग माजघरांत निकाल लागतो कीं, "याच्या हातांत तें नाहींच." मुलगाहि तसेंच मानूं लागतो. दहावीच्या उंबरठ्यावरील एक वर्ष ही लहान किंमत नव्हे. आणि ती देऊनहि मुलाच्या पदरीं स्वतःविषयींचा अविश्वास पडावा, ही गोष्ट आम्हांस फार शोचनीय वाटते. पुष्कळदां दोष हाताचा नसून सरावाचा असतो. शंभर छर्रे उडविणें म्हणजे शंभर वेळां शिकणें असें नव्हे. एकच चूक शंभर वेळां घोटून पक्की करणें, असाहि त्याचा अर्थ होऊं शकतो.

प्रथम या खेळाचें माप डोळ्यांसमोर आणावें. दहा मीटर हवाई रायफलच्या लक्ष्यांतील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर जो छर्रा मारावयाचा तो साडेचार मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचें अंतर अडीच मिलिमीटर. आतां हिशेब करून पाहा : बंदुकीची लांबी ढोबळमानानें एक मीटर धरली, तर तिचें टोक पाव मिलिमीटर सरकतांच दहा मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो आणि एक पूर्ण गुण जातो. पाव मिलिमीटर म्हणजे दोनचार केसांची जाडी. हातांत पांच किलोच्या आसपास वजन असतां, हृदय धडधडत असतां, हें टोक केवळ स्नायूंच्या बळावर स्थिर ठेवूं म्हणणारा मनुष्य पहिल्या दहा बारांतच थकतो. म्हणून जाणते शिक्षक बंदुकीचें वजन हाडांवर तोलावयास शिकवितात. डावें कोंपर कमरेच्या हाडावर टेकतें, पाठ किंचित् मागें व उजवीकडे झुकते, आणि स्नायूंस शक्य तितकें कमी काम उरतें.

आतां वेगाकडे वळूं. हवाई रायफलच्या पात्रता फेरींत साठ बारांस पंचाहत्तर मिनिटें मिळतात, म्हणजे दर बारास सव्वा मिनिट. हें ऐकून नवख्यास वाटतें कीं, येथें घाईचें काय काम? परंतु पॅरिसच्या अंतिम फेरींत हवाई रायफलवाल्यांस पांच बारांच्या मालिकेस अडीचशें सेकंद होते, आणि पुढें एकेका बारास पन्नास. कुसाळे ज्या स्पर्धेंत होते तिच्या अंतिम फेरींत गुडघ्यावर बसून पांच बारांस दोनशें सेकंद, पालथें पडून दीडशें, आणि उभ्यानें अडीचशें असा नियम होता. पात्रता फेरीचेंहि स्वरूप पालटलें आहे : २०२१ सालच्या टोकियो ऑलिंपिकमध्यें एकशें वीस बार पावणेतीन तासांत काढावयाचे होते, पॅरिसला ते साठ झाले आणि वेळ दीड तासावर आला, तोहि पवित्रा बदलण्याचा वेळ धरून. थोडक्यांत, जो सावकाशपणा एके काळीं गुण समजला जात असे, तो आतां परवडेनासा झाला आहे.

वेग वाढला कीं नेम बिघडतो, हा सर्वसामान्य अनुभव शास्त्रज्ञांनींहि पडताळून पाहिला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ यांनीं १८९९ सालीं हाताच्या हालचालींचे प्रयोग करून तो प्रसिद्ध केला, आणि १९५४ सालीं फिट्स यांनीं त्यास गणिताचें रूप दिलें : लक्ष्य जितकें लहान व दूर, तितका तेथें हात नेण्यास वेळ अधिक. हा नियम खराच आहे. पण तो हालचालीचा नियम आहे. रायफलच्या खेळांत ज्यास वेग म्हणतात तो हात जलद हलविण्याचा नव्हेच. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं ब्रिटिश पायदळाच्या शिपायास ली-एन्फील्ड बंदुकीनें तीनशें यार्डांवर एका मिनिटांत पंधरा नेमके बार काढावयास शिकवीत असत. हें साधे कसें? दस्ता खांद्यावरून न काढतां खटका मागेंपुढें करणें, पांच पांच काडतुसें एकदम भरणें, आणि खोट्या काडतुसांवर ही भरण्याची कवायत अंगवळणीं पडेपर्यंत करणें, यांमुळें. नेम धरण्याचा क्षण त्यांनीं तोडला नाहीं. त्याच्या आजूबाजूचा पाल्हाळ तोडला.

आपल्या खेळांतहि वेळ कोठें जातो तें एकदां घड्याळ लावून पाहावें. बंदूक खांद्यास लागल्यापासून बार सुटेपर्यंतचा वेळ दुसऱ्या कोणी वीस बारांपुरता टिपून घ्यावा, आणि प्रत्येकापुढें मिळालेले गुण मांडावे. घरांतील एखाद्या काकास किंवा धाकट्या बहिणीस हें काम आनंदानें करतां येतें. बहुधा असें दिसून येतें कीं, बंदूक लक्ष्यावर स्थिरावल्यापासून पांच ते आठ सेकंदांत सुटलेले बार चांगले असतात, आणि बारा-पंधरा सेकंद रेंगाळलेले बार वाईट. याचें कारण उघड आहे. श्वास रोखला कीं थोड्याच वेळांत शरीर प्राणवायूसाठीं कुरकुर करूं लागतें, एकटक पाहणाऱ्या डोळ्यास काळें वर्तुळ पुसट दिसूं लागतें, स्नायू कांपूं लागतात. आणि मनुष्य मात्र "अजून थोडें नीट होऊं दे" म्हणून थांबतो. नीट व्हावयाची वेळ केव्हांच निघून गेलेली असते.

यावर उपाय एकच, आणि तो शिकविण्यास सोपा व आचरणांत आणण्यास फार कठीण आहे : मनांतल्या मनांत दहापर्यंत मोजून बार सुटला नाहीं तर बंदूक खालीं घ्यावी, दोन श्वास घ्यावे, पुन्हां आरंभ करावा. मुलांस हा कमीपणा वाटतो. "इतका वेळ धरली ती फुकट कां घालवूं?" हा त्यांचा प्रश्न. त्यांस आंकडे करून दाखवावे. एक बार सर्व तयारीसह पाऊण मिनिटांत होत असेल तर साठ बार पंचेचाळीस मिनिटांत होतात, आणि खालीं घेण्याकरितां तब्बल तीस मिनिटें शिल्लक राहतात. ज्याची नेहमींची चाल जलद आहे, त्यालाच नकार देण्याची चैन परवडते. आमच्या मतें वेगाचा खरा उपयोग हाच होय.

मग सराव कोठून सुरू करावा? आम्ही म्हणूं, रिकाम्या बंदुकीपासून, आणि घरींच. गवई जसा मैफलीपूर्वीं महिनेन् महिने एकच षड्ज लावीत बसतो, तसाच हा रियाज आहे. बारच नसल्यामुळें दचकणें नाहीं, गुण नसल्यामुळें लोभ नाहीं. घोडा दाबतांना टोक कसें हलतें तें स्वच्छ दिसतें. दहा मीटर लांबीची जागा वाड्यांत क्वचितच असते, पण पांच मीटरची पडवी पुष्कळांकडे असते. लक्ष्यावरील काळा भाग साडेतीस मिलिमीटर व्यासाचा असतो. अर्ध्या अंतरावर तो अर्ध्या मापाचा, म्हणजे सव्वापंधरा मिलिमीटरचा, कागदावर काढून भिंतीस चिकटवावा, म्हणजे डोळ्यास तो दहा मीटरवरच्याइतकाच दिसतो.

येथें दोन सूचना आम्हांस निक्षून द्यावयाच्या आहेत. एक यंत्रासंबंधीं. स्प्रिंगच्या साध्या हवाई बंदुकीचा घोडा छर्रा न घालतां वारंवार ओढल्यास आंतील दट्ट्या आदळून बिघडतो. स्पर्धेच्या बंदुकींत रिकाम्या सरावाची निराळी सोय असते. ती नसेल तर हा सराव करूं नये. दुसरी सूचना माणसांसंबंधीं. एकत्र कुटुंबांत दार कोण केव्हां उघडील याचा नेम नसतो. म्हणून बंदूक रिकामी असल्याचें दोन माणसांनीं डोळ्यांनीं पाहावें, छर्रे दुसऱ्या खोलींत कुलुपांत असावे, कागद ज्या भिंतीवर आहे तिच्या बाजूस दार नसावें, आणि लहान मूल आंत येतांच बंदूक खालीं ठेवावी. "रिकामी आहे" या शब्दांवर जगांत पुष्कळ अपघात झाले आहेत. पन्नास मीटरच्या, काडतुसाच्या बंदुकीस तर १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवाना लागतो; ती नवशिक्यानें मुंबईस वरळी, पुण्यास बालेवाडी अशा रीतसर चांदमारीवर, शिक्षकाच्या नजरेखालींच हातीं धरावी.

रिकाम्या सरावांत पहिली परीक्षा पवित्र्याची. पाय रोवून बंदूक लावावी, डोळे मिटावे, दोन श्वास घ्यावे, मग डोळे उघडावे. काळें वर्तुळ पुढच्या कड्यांत आपोआप मध्यभागीं दिसलें तर पवित्रा बरोबर. डावीउजवीकडे दिसलें तर हातानें ओढून आणूं नये, मागचें पाऊल सरकवावें. नवशिके येथेंच चुकतात. ते हातानें बंदूक ओढतात, तोपर्यंत सर्व ठीक दिसतें, आणि घोडा सुटतांच ताणलेले स्नायू बंदुकीस आपल्या मूळ जागीं परत नेतात. ही परीक्षा पहिल्यांदा अर्धें मिनिट खाते. दोन महिन्यांनीं चारपांच सेकंदांत होते. स्पर्धेंत जो वेळ वांचतो तो असा, पडवींत मिळविलेला असतो.

दुसरी परीक्षा घोड्याची, तिसरी बार सुटल्यानंतरची. छर्रा नळींतून बाहेर पडण्यास कांहीं सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यांत बंदूक हलली तर छर्राहि हलतो. म्हणून घोडा सुटल्यावर दोन सेकंद तसेंच, नेम धरूनच, उभें राहावें. हें सोपें वाटतें. पण आपण कसा मारला हें पाहण्याची उत्सुकता मनुष्यास इतकी असते कीं, डोकें आपोआप वर उचललें जातें.

या दोन सेकंदांतच चांदमारीवरील सर्वांत मोलाचा अभ्यास दडलेला आहे. बार सुटला कीं पडद्याकडे न पाहतां, सुटण्याच्या क्षणीं टोक कोठें होतें तें मनाशीं ठरवून "उजवीकडे, नऊ" असें वहींत टिपावें, आणि नंतरच पडद्याकडे पाहावें. अंदाज व प्रत्यक्ष जुळूं लागले कीं समजावें, विद्यार्थी स्वतःच स्वतःचा गुरु झाला. ते जुळत नसतील तर दोन कारणें संभवतात : एक तर तो टोकाकडे पाहतच नाहीं, अथवा मागच्या जाळीची मांडणी चुकली आहे. त्यापैकीं कोणतें हें न कळतां मांडणी फिरवीत बसणें हा वेळेचा निव्वळ अपव्यय होय.

आठवड्याची आंखणी ज्याच्या त्याच्या शाळेवर व ट्रेनवर अवलंबून राहील. तरी शाळकरी मुलासाठीं तीन दिवस घरीं पंचवीस मिनिटें रिकामा सराव, दोन दिवस चांदमारी, आणि एक दिवस संपूर्ण सुटी, एवढ्यानें आरंभास भागतें. उरलेला दिवस चालण्यापोहण्यास द्यावा. पायांत बळ नसलेला नेमबाज पाउण तासानंतर डुलूं लागतो. चांदमारीवर जातांना त्या दिवसाचें एकच काम वहींत लिहून न्यावें. आज घोडा, तर आज घोडाच. आरंभीं दहाबारा बार अंग मोकळें होण्याकरितां; नंतर लक्ष्याचा कागद उलटा, पांढरी बाजू पुढें करून लावावा आणि पांच पांच बारांचे पुंजके काढावे. पांढऱ्या कागदावर गुण मोजतां येत नाहींत, म्हणून मुलें प्रथम कंटाळतात. परंतु पुंजका किती लहान, एवढेंच जेथें पाहावयाचें असतें तेथें हात किती खरा आहे तें कळतें. पुंजका लहान आणि एका बाजूस असेल तर जाळीच्या दोन खटक्यांत तो मध्यावर येतो. पुंजका पसरट असेल तर जगांतील कोणताहि खटका उपयोगी नाहीं.

घड्याळाचा सराव यानंतर, आणि पुंजका स्थिर झाल्यावरच. प्रथम पांच बारांस तीनशें सेकंद, तें सहज जमल्यास अडीचशें, मग दोनशें. पुंजका पसरूं लागला कीं एक पायरी मागें यावें, तेथें आठवडाभर राहावें. या क्रमांत आडदांडपणा करणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, प्रत्येक वेळीं वेळ कमी करतांना कापावयाचा तो बारांमधला वेळ : छर्रा चिमटींत धरण्याचा, पडद्याकडे टक लावण्याचा, मागल्या आठाबद्दल हळहळण्याचा. नेम धरल्यानंतरचे पांच ते आठ सेकंद जसेच्या तसे ठेवावे.

किती वेळ सराव करावा, या प्रश्नास १९९३ सालीं एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बर्लिनच्या संगीतविद्यालयांतील व्हायोलिनवादकांच्या पाहणीवरून प्रसिद्ध केलेला निबंध चांगलें उत्तर देतो. सर्वांत गुणी विद्यार्थी एकट्यानें सराव पुष्कळ करीत. पण तो तुकड्यातुकड्यांनीं, मध्यें विश्रांति घेऊन, आणि दुपारीं झोंपहि ते इतरांहून अधिक घेत. आपल्याकडील वामकुक्षीस इतकें भारदस्त प्रशस्तिपत्र मिळेल असें आमच्या आजोबांस वाटलें नसतें! थकल्यानंतर मारलेले शेवटचे तीस बार हे बहुतेक वेळां आधींच्या सत्तरांनीं शिकविलेलें पुसून टाकतात. मुलगा लवकर परत आला म्हणून त्यास आळशी ठरवूं नये.

राहतां राहिला प्रसंगाचा दाब. अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स २००४ सालीं अथेन्स येथें तीन पवित्र्यांच्या अंतिम फेरींत आघाडीवर होते. शेवटचा बार त्यांनीं उत्तम मारला, पण शेजाऱ्याच्या लक्ष्यावर! सुवर्णपदक गेलें. चार वर्षांनीं बीजिंगला पुन्हां तेच आघाडीवर, आणि शेवटच्या बारांत बोट घोड्यास वेळेपूर्वीं लागून ४.४ गुण पडले. एवढा कसलेला मनुष्य. त्याच्या कौशल्याविषयीं कोणास शंका? म्हणून "लक्ष्याचा क्रमांक पाहणें" ही पायरीसुद्धां प्रत्येक बाराच्या नित्यक्रमांत, घरच्या पडवींतहि, असली पाहिजे. त्याच बीजिंगमध्यें अभिनव बिंद्रा शेवटच्या बारापूर्वीं फिनलंडच्या हाकिनेन यांच्याशीं बरोबरींत होते, आणि त्यांनीं १०.८ मारला. अथेन्सला हेच बिंद्रा पात्रता फेरींत तिसरे येऊनहि अंतिम फेरींत सातवे राहिले होते. मधल्या चार वर्षांत त्यांचा हात बदलला असें नव्हे, अंतिम फेरीची तयारी बदलली.

या बाबतींत एकत्र कुटुंबासारखी सोय नाहीं. अंतिम फेरींत प्रेक्षक ओरडतात, संगीत वाजतें, प्रत्येक बारानंतर क्रमांक जाहीर होतो. आठवड्यांतून एकदां घरच्या सर्व मुलांस पडवींत बसवावें, त्यांनीं खुशाल गलका करावा, एकानें घड्याळ धरून आज्ञा द्याव्या, आणि नेमबाजानें रिकाम्या बंदुकीनें पांच बारांची मालिका पुरी करावी. प्रथम त्यास हंसूं येतें, मग राग येतो, आणि पांचसहा आठवड्यांनंतर त्यास गलका ऐकूं येईनासा होतो.

कुसाळे पॅरिसच्या अंतिम फेरींत सातव्या क्रमांकानें शिरले. गुडघ्यावरील पवित्र्यानंतर ते सहावे होते, पालथ्यानंतर पांचवे. आणि जेथें बहुतेकांची तारांबळ उडते त्या उभ्या पवित्र्यांत ते तिसरे झाले. मुलांस ती फेरी दाखवावयाची असल्यास गुणांच्या पाटीकडे न पाहतां, दोन बारांमध्यें तो मनुष्य काय करतो एवढेंच पाहावयास सांगावें.

सामन्यापूर्वींच्या आठवड्यांत बार निम्म्यावर आणावे. कोट, दस्ता, जाळी यांपैकीं कशासहि हात लावूं नये. नवा प्रयोग सामन्यानंतर. आदल्या रात्रीं पिशवी भरून दाराशीं ठेवावी, म्हणजे सकाळीं धांवपळ होत नाहीं. आणि सामना संपून घरीं आल्यावर पेढे असोत वा नसोत, त्याच संध्याकाळीं वही उघडावी : कोणते बार रेंगाळले, किती वेळां बंदूक खालीं घेतली, कोणत्या मालिकेंत अंदाज चुकले. गुणांचा आंकडा त्या पानावर अगदीं शेवटच्या ओळींत लिहावा.